रांग पाहून जेवणाची वेळ

मांडव्याच्या जेट्टीवर दिनानाथ घरत एकतीस वर्षं एकाच जागी उभे राहिले. लाँच ज्या फाटकातून भरतात, त्याच्या डाव्या बाजूच्या लोखंडी खांबाला टेकून. एका लाँच कंपनीच्या नोकरीत त्यांचं काम एवढंच होतं, माणसं मोजून आत सोडायची. साठ म्हणजे साठ. एकसष्टावा नवरदेव असला तरी तो पुढच्या लाँचला.

पण लोकांना ते आठवतात ते मोजणीमुळे नव्हे. गेटवेला जायला धडपडत आलेला माणूस लांबलचक रांग बघून हिरमुसला, की दिनानाथ मान वर न करता म्हणत, "कती जना हाव? चार? मंग तिसरी लाँच. अजून पन्नास मिंटा हान. जा, जेवून या."

आणि माणसं खरंच जेवून येत. जेट्टीजवळच्या खानावळीत मच्छीची थाळी यायला किती वेळ लागतो, आमलेट-पाव किती वेळात होतो, सोमवारी तिथला कोणता पोऱ्या सुट्टीवर असतो, सगळं त्यांच्या डोक्यात. समुद्र खवळलेला असला तर ते म्हणत, "आमलेट नको, नुसता चा घ्या." त्यांचा अंदाज चुकून कुणाची लाँच गेली, असं मी तरी ऐकलं नाही. आमच्या शाळेच्या सहली मुंबईला जात तेव्हा मुलांचे डबे कधी उघडायचे ते मी घड्याळाला विचारत नसे, दिनानाथना विचारत असे.

रांग मोजायची त्यांची रीत साधी होती. दोन खांबांमधली माणसं एकदा नीट मोजायची आणि मग खांब मोजायचे. बायकांची आणि मुलांची रांग दाट असते, पुरुषांची विरळ, एवढं त्यात धरायचं. "मानूस मोजाला गेलास तं डोका फिरंल, गुरुजी," ते मला म्हणाले होते. "खांब हलत न्हाय."

ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना मधुमेह निघाला. गोळ्यांवर भागेना, तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. सकाळी नाश्त्याआधी एक, रात्री जेवणाआधी एक. सकाळच्या इंजेक्शनचा जोर दुपारी असतो, म्हणून एक वाजायच्या आत जेवण पोटात गेलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी असताना हे सोपं होतं. त्यांच्या पत्नी मनुबाई साडेबाराला ताट वाढत आणि ते जेवत.

घोटाळा झाला तो पेणच्या एका लग्नात. मुहूर्त साडेबाराचा होता, नवरी आली दीड वाजता. दिनानाथ मामा म्हणून अंतरपाट धरून उभे होते. दोन वाजता त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली, पाय लटपटले आणि ते अंतरपाटासकट खाली बसले. मांडवातला कुणीतरी मोठ्यानं म्हणाला, "घरतांनी सकालीच लावली वाटतं." लोक हसले. आमच्याकडच्या लग्नात असं हसू फुटायला फार काही लागत नाही. पण ज्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नाही, त्याला ते हसू किती लागलं असेल ते मी सांगायला नको. साखर चाटवून त्यांना शुद्धीवर आणलं ते त्यांचा मुलगा प्रणय यानं.

त्या दिवसापासून प्रणयनं वडिलांचं बाहेर जाणं बंद केलं. प्रणय माझा विद्यार्थी. मनानं चांगला, पण घाबरला की कडक होतो. शाळेतही तसाच होता, वर्गात साप निघाला तेव्हा सगळ्यांवर ओरडत सुटला होता. "बाबा, तुम्ही घरीच बरे," हे त्याचं वाक्य ठरून गेलं. लग्न आलं की "घरीच बरे," जत्रा आली की "घरीच बरे." त्या वर्षी भाऊबीजेलाही तो हेच म्हणाला.

हे मात्र दिनानाथना सोसलं नाही. त्यांची थोरली बहीण ठमी श्रीवर्धनला दिलेली. ती ऐंशीच्या घरात आहे, गुडघ्यांनी बसलेली, तिला इकडे येता येत नाही. दिनानाथ दर भाऊबीजेला एसटीनं जात आणि दोन दिवस राहून येत. ही पहिली भाऊबीज चुकली. ठमीबाईंनी फोनवर ओवाळलं. दिनानाथ फोन ठेवून बराच वेळ ओटीवर बसून होते, असं मनुबाई सांगतात.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी प्रणयची मुलगी रुचिका हिच्या वाढदिवसाची गोष्ट निघाली. घाटाच्या पायथ्याला जे मोठं पार्क झालंय, उलट्यासुलट्या फिरणाऱ्या गाड्यांचं, तिथे जायचं तिनं वर्षभर घोकलं होतं. प्रणय अलिबागजवळ एका कंपनीत आहे, त्याची सुट्टी गुरुवारची. त्यानं तीन आठवडे पुढच्या गुरुवारची तिकिटं मोबाइलवर काढायला घेतली. चार तिकिटं.

"पाच काढ," दिनानाथ म्हणाले.

"बाबा, तिथे दिवसभर रांगा असतात. जेवायलाही रांग."

"रांगंचा तू मना सांगतंस?"

यावर भाविका, म्हणजे प्रणयची बायको, खुदकन हसली आणि प्रणय चिडला. वाद झाला. शेवटी दिनानाथनी स्वतःच अट घातली. दिवसभराचं वेळापत्रक ते आखतील. कोणत्या गाडीत कधी बसायचं आणि जेवायचं कधी, ते सांगतील. एकदाही गडबड झाली नाही, तर डिसेंबरात ते एकटे श्रीवर्धनला जातील आणि प्रणय अडवणार नाही. गडबड झाली, तर पुन्हा कधी विषय काढणार नाहीत.

"पुन्हा कधी म्हणजे कधीच नाही हं," प्रणय म्हणाला.

"कदीच न्हाय."

मग ते माझ्याकडे आले. पार्कचा नकाशा रुचिकानं मोबाइलवरून छापून आणला होता, तो आम्ही पडवीत पसरला. कोणती गाडी किती वेळ फिरते, एका फेरीत किती माणसं बसतात, हे आधी जाऊन आलेल्या पोरांना विचारून त्यांनी टिपून घेतलं होतं. खानावळ, म्हणजे पार्कातलं थाळीचं रेस्टॉरंट, नकाशाच्या मधोमध होतं. त्याभोवती त्यांनी पेन्सिलीनं वर्तुळ काढलं आणि सगळा दिवस त्या वर्तुळाच्या अलीकडे-पलीकडे मांडला. उलट्या होणाऱ्या गाड्या जेवणाच्या आधी. जेवणानंतर पाऊण तास काही गरगर नाही, तेव्हा छोटी आगगाडी आणि बसून बघायचा सिनेमा. मग पाण्यातली बोट. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा रोलर कोस्टर, आणि आठ वाजता परत. खवळलेल्या समुद्रात कोण उलटी करतं हे एकतीस वर्षं पाहिलेल्या माणसाचं वेळापत्रक होतं ते. मला त्यात काढायला चूक सापडली नाही.

चूक होती, आणि ती आम्हा दोघा पुरुषांच्या लक्षात आली नव्हती.

मार्गशीर्ष लागला. पहिल्या गुरुवारी घरात घट मांडला, पाच फळं, पाच पानं, नारळाला देवीचा मुखवटा. संध्याकाळी आरती झाली, गोडाचा नैवेद्य झाला आणि मनुबाई-भाविकांनी उपास सोडला. पानावर बसल्या बसल्या दिनानाथांचा हात थांबला.

"पुडचा गुरवार पन मारगेसरातलाच," ते म्हणाले.

"चारही गुरवार मारगेसरातलंच असतान," मनुबाई म्हणाल्या.

"मंग तुमी तवा सांगला का न्हाय?"

"तुमी कवा इचारला? तुमी आनि गुरुजी नकाशा बघत व्हतं."

भाविका म्हणाली, "तिकिटं काढून झाली होती, बाबा. आम्ही पहाटे घट मांडू. फक्त दिवेलागणीला घरी पाहिजे, आरतीला. तिथे आम्हाला काही जेवायचं नाही, ते एक बरं."

म्हणजे आठ वाजता निघायचं ते चार वाजता निघायचं झालं. साडेदहाला पार्क उघडणार, साडेपाच तास हातात. दिनानाथनी सगळं पुन्हा मांडलं. संध्याकाळच्या गाड्या सकाळी आल्या, सिनेमा गेला. जेवण साडेबारालाच राहिलं, आणि पाच थाळ्यांच्या तीन झाल्या. त्यांना वाटलं, उपासाचा हिशेब यात पुरा झाला.

गुरुवारी ते सकाळी सातला इंजेक्शन घेऊन, दोन भाकऱ्या खाऊन निघाले. वडखळला गाड्यांची गर्दी लागली, तरी दहाच्या आत पार्कच्या फाटकाशी होते. पुढे काय झालं ते मला पाच जणांनी पाच वेळा सांगितलं आहे.

सकाळ दिनानाथांची होती. रोलर कोस्टरच्या तोंडाशी सत्तर मिनिटांची पाटी लावलेली. प्रणय म्हणाला, "सव्वा तास? नको, दुसरीकडे जाऊ." दिनानाथनी रांगेतल्या दोन लोखंडी खांबांमधली माणसं मोजली, चौदा. मग खांबांवरून बोट फिरवलं, एकोणीस. गाडीत वीस जण, फेरी तीन मिनिटांची.

"चालीस मिंटा," ते म्हणाले. "पाटी सकालची लावलेली हाय, कोनी बदलली न्हाय."

एकेचाळिसाव्या मिनिटाला प्रणय आणि रुचिका गाडीत बसले. मागे उभं असलेलं ठाण्याचं एक जोडपं दिनानाथांना विचारू लागलं, "काका, त्या चक्रीची लाइन केवढी असेल हो?" त्यांनी तीही सांगितली. आणखी दोघं जवळ आले. प्रणय गाडीतून उतरला तेव्हा वडिलांभोवती सात-आठ माणसं उभी होती आणि ते एकेकाला वाटेला लावत होते. "तुमी आदी खाऊन घ्या. पोर लान हाय, भुकंल." प्रणयनं ते पाहिलं, आणि रुचिका सांगते की पप्पा हसले.

बारा वाजून वीस मिनिटांनी ते रेस्टॉरंटपाशी आले. बाहेर रांग होती, साठेक माणसांची. दिनानाथनी काचेतून आत पाहिलं. चाळीस टेबलं, चारचार खुर्च्या. थाळी जेवून माणूस अर्ध्या तासात उठतो, फार तर पस्तीस मिनिटांत. म्हणजे मिनिटाला चार-पाच जणांची जागा होणार. साठ माणसं, पंधरा मिनिटं.

"बारा पस्तीसला आत," ते म्हणाले. "मी लाइन लावतो. तुमी दोगा तवर बोटीत बसून या, तिथं दा मिंटाची लाइन हाय. मनु, तू आनि भाविका त्या बाकावर बसा."

बारा पस्तीसला त्यांच्या पुढे चव्वेचाळीस माणसं होती.

त्यांनी पुन्हा काचेतून पाहिलं. तीच टेबलं, तीच माणसं. बारा चाळीसला फक्त एक टेबल उठलं. जेट्टीवर असं कधी होत नसे. लाँच गेटवेला लागली की माणूस उतरतो, लाँचमध्ये बसून राहायला कुणाला आवडत नाही. इथे बायका बसून होत्या. प्रत्येक टेबलावर दोन, तीन, कुठे चारही. नवरे आणि मुलं जेवून गाड्यांकडे पळाली होती, आणि या मार्गशीर्षाच्या उपाशी बाया पिशव्या सांभाळत, निजलेली पोरं मांडीवर घेऊन, गार हवेत चहा घेत बसल्या होत्या. त्यांना उठायची काहीच घाई नव्हती. दिवेलागणीपर्यंत त्यांना जेवायचंच नव्हतं. कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, म्हणून रायगड-ठाण्यातून अशी कितीतरी घरं आली होती. दिनानाथनी आपल्या घरातल्या दोन थाळ्या वजा केल्या होत्या, पण त्या दोन बायका बाहेर बाकावर होत्या. आत खुर्च्या अडवून बसलेल्या शंभर बायका त्यांनी धरल्याच नव्हत्या.

बारा पन्नासला त्यांच्या मानेवर गार घाम आला.

ही खूण त्यांना माहीत होती. शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी होती, डॉक्टरांनी कायम जवळ ठेवायला सांगितलेली. ती काढली की झालं. पण बोटीकडून प्रणय आणि रुचिका येताना दिसत होते. पुडी काढली की प्रणयला लांबूनच कळणार, आणि मग श्रीवर्धन संपलं. पुढे तेवीस माणसं होती. की तेहेतीस? त्यांनी खांब मोजले. मग माणसं मोजली. एकदा तेवीस आली, एकदा एकतीस. तिसऱ्यांदा मोजताना बारानंतर काय येतं ते त्यांना आठवेना.

"गुरुजी, तवा मी ख्यालो," ते मला म्हणाले. ख्यालो म्हणजे घाबरलो. "लग्नात पन मी हाच करत व्हतो. अजून दा मिंटा, अजून दा मिंटा. अंतरपाट कसा सोडू? लोक काय म्हनतील?"

ते रांगेतून बाहेर आले. दारात रांगेतल्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाला ओलांडून सरळ आत गेले आणि दाराशेजारच्या पहिल्या टेबलाला हात टेकून उभे राहिले. तिथे उरणकडच्या चार बायका बसल्या होत्या.

"बायनो," ते म्हणाले, "मना शुगर हाय. मना आताच खावाला पायजे. न्हायतं मी पडन."

हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाजूची तीन टेबलं वळून बघायला लागली. कानाला आपला आवाज नीट ऐकू येत नव्हता म्हणून जोर लागला, असं ते म्हणतात.

चौघींपैकी सर्वांत जाडजूड जी होती, हेमाली तिचं नाव, तिनं आपली खुर्ची ढकलून दिली. "बस, दादा, बस आदी! आमी तं नुसत्याच बसल्याव." ते बसले, पुडी काढली, पण ती फाडता येईना. तिनं दातानं फाडली, त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. दुसरीनं पिशवीतून केळं काढून सोलून पुढे केलं. तिसरी म्हणाली, "मना वाटला, टेबलाचा भाडा मागाला आयला." चौथीनं तिला चापट मारली, "गप. मानूस घामानं निथलतंय."

प्रणय दारात पोचला तेव्हा त्याला हे दिसलं: वडील चार अनोळखी बायकांच्या मधोमध बसलेत आणि केळं खातायत. शेजारी आई उभी. मनुबाई बाकावरून कधी उठून आत आल्या ते भाविकालाही कळलं नव्हतं.

"आजोबा उपासाचं खातायत!" रुचिका ओरडली.

"बाबा..." प्रणय म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

दिनानाथनी हात वर केला. तोंडातलं केळं संपवलं. मग म्हणाले, "माजा गनित चुकला. साखर उतरली. पुडी घेतलीय, आता थाली सांग."

त्यांनी एवढं सांगितलं आणि प्रणयनं तेवढंच केलं. नाव लिहिणारा माणूस स्वतः थाळी घेऊन आला, त्यानं रांगेचं काही काढलं नाही. उरणच्या बायकांनी आणखी दोन खुर्च्या सोडल्या, आणि प्रणय आणि रुचिकाही तिथेच जेवले. एक वाजून दहा मिनिटांनी दिनानाथ आमटीभात कालवत होते. पंधरा मिनिटांत रंग परत आला. तोवर हेमालीबाईंनी मनुबाईंचं माहेर विचारून घेतलं होतं, आणि ते त्यांच्या मावससासूच्या गावाशेजारचं निघालं होतं. उठताना हेमालीबाईंनी मागच्या टेबलावरच्या अनोळखी बायकांनाही हाक मारली, "चला गो, आपन बाहेर बसू. भुकेल्यांना जागा द्या." आठ-दहा जणी खरंच उठल्या. बाहेरची रांग पुढे सरकली.

दिनानाथ बाहेर पडले तेव्हा ठाण्याचं ते जोडपं रांगेत होतं. "काका, आमचं किती वेळ?" त्यांनी आत पाहिलं, या वेळी नीट, एकेक टेबल. "पाऊण तास धरा," ते म्हणाले. "आज बायका उपासी हान. पलीकडं वडापावचा ठेला हाय, तिथं जावा."

उरलेला दिवस वेळापत्रकाप्रमाणे गेला. पाऊण तास छोटी आगगाडी, तिच्यात दिनानाथ आणि रुचिका शेजारी बसले. मग पाण्यातली बोट. या वेळी तिच्यात पाचही जण बसले. चार वाजता गाडी सुरू झाली. दिनानाथ पुढे प्रणयच्या शेजारी बसले होते आणि खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. शब्द दिलेला होता आणि गडबड झालेली होती. ठमीला फोनवर काय सांगायचं ते ते जुळवत होते.

पेण मागे पडलं तेव्हा प्रणय म्हणाला, "चक्कर कधीपासून येत होती?"

"आत गेलो, त्याच्या पाच मिंटा आदी."

"मी समोर दिसत होतो. मला का नाही हाक मारली?"

"तू दिसलास म्हनून तं पुडी काढली न्हाय."

वडखळच्या पुलावर ट्रकांची रांग होती. प्रणयनं गाडी तिच्या मागे उभी केली.

"लग्नात असं बोलला असतात," तो म्हणाला, "तर मी मांडवातून उचलून आणलं असतं जेवण. मुहूर्त गेला खड्ड्यात."

"तवा लाज वाटली."

"आणि आज?"

"आज पन वाटली," दिनानाथ म्हणाले. "पन आज बायका व्हत्या. उपासी बायका भुकंला हसत न्हाय."

मागून मनुबाई म्हणाल्या, "हसल्या की. भाडा मागाला आयला म्हनून."

भाविका हसायला लागली, मग रुचिका. प्रणयनं हसू आवरलं. थोड्या वेळानं म्हणाला, "अलिबागहून श्रीवर्धनची गाडी सकाळी किती वाजता असते?"

दिनानाथना वाटलं, तो स्वतः बरोबर यायचं म्हणतोय.

"एकटे जा," प्रणय म्हणाला. "पण बसल्या बसल्या कंडक्टरला सांगायचं. शेजारी बसेल त्यालाही सांगायचं. लाजायचं नाही. रोह्याला गाडी थांबली की आधी खायचं, मग मला फोन."

"आदी फोन करन."

"आधी खायचं, बाबा!"

"बरा, आदी खातो," दिनानाथ म्हणाले.

दिवेलागणीला ते घरी पोचले. देवीसमोर दिवा लागला, कहाणी वाचून झाली, आरती झाली. मनुबाई आणि भाविका नैवेद्याची वाटी पुढे घेऊन जेवायला बसल्या, तेव्हा साडेसात वाजून गेले होते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिनानाथ श्रीवर्धनला गेले. कंडक्टर होता तळा गावचा, रितेश नावाचा, पंचविशीतला. चढल्या चढल्या त्याला त्यांनी सांगितलं, "मना शुगर हाय, मी एक वाजायच्या आत जेवतो." शेजारी सुपारीची रिकामी पोती घेऊन एक बागाईतदार बसला होता, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मलाही आहे. गोळ्या की इंजेक्शन?" म्हसळ्यापर्यंत दोघं त्यावरच बोलत गेले. वाटेत रोह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी डबा उघडला, आणि बागाईतदारानंही आपला उघडला. फोन त्यांनी जेवून हात धुतल्यावर केला.

ते ठमीबाईंकडे पाच दिवस राहिले. आले त्या संध्याकाळी माझ्याकडे आले, श्रीवर्धनी सुपारीची पुडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले की जानेवारीत पुन्हा जायचा विचार आहे, तिच्या गुडघ्याला तेल लावायला घरात कुणी नसतं. प्रणयला विचारलंत का, असं मी म्हटलं.

"सांगला," ते म्हणाले.